कुठेही न आपटलेली गाडी

हुबर्टला सोमवारी सकाळी सहाच्या पाळीला हजर व्हायचं होतं आणि गावातून पहिली बस सुटायची सातला. चीजचा कारखाना अठ्ठावीस किलोमीटरवर. मुकादमाने कळवलं होतं की स्वतःचं वाहन नसेल तर येऊच नये, या जागेसाठी आणखी चौघं टपून बसलेत. नोकरी हवी तर तीन दिवसांत गाडी हवी, असा सरळ मामला होता.

गाडी कशी असावी यावर घरात तीन मतं होती. हुबर्टचं वय एकोणीस आणि लायसन्सचं वय तीन महिने, त्यामुळे त्याला ती पळणारी हवी होती. पगार अजून हातात पडला नव्हता, त्यामुळे ती पेट्रोल बेताने पिणारीही हवी होती. आईला, म्हणजे हालिनाला, गाडी हळू चालणारी हवी होती. न चालणारी मिळाली असती तर आणखी बरं. आणि वडिलांची, लुत्सियान यांची, एकच अट होती. गाडी जन्मात कुठे आपटलेली नसावी. अर्धे पैसे ते देणार होते, पण मत मात्र त्यांचं पूर्ण धरायचं होतं.

“एकदा आपटलेली गाडी म्हणजे एकदा खोटं बोललेला माणूस,” ते खिडकीशी उभे राहून म्हणाले. “वरून कितीही रंग फासा.”

त्या खिडकीतून अंगणातली त्यांची मरून रंगाची गाडी दिसत होती. हुबर्ट जन्मला त्याच वर्षी घेतलेली. दोघांपैकी नीट संगोपन गाडीचं झालं, असं हुबर्टची थोरली बहीण म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. लुत्सियान टपाल कचेरीत नोकरीला होते, पण शनिवारी सकाळी ते फक्त या गाडीचे नोकर असत. बादली, साबण, मऊ फडकं, आणि मग तासभर पुसणं. पाहुणे आले की आधी अंगणात नेऊन “एक ओरखडा दाखवा” म्हणायचे, आणि पाहुणेही जेवण थंड व्हायच्या भीतीने नाही म्हणायचे.

पोलंडमध्ये जुनी गाडी बघायला जाताना माणूस एक वेळ पैसे घरी विसरेल, पण गाड्यांतलं कळणाऱ्या नातेवाइकाला विसरत नाही. असा एक जण प्रत्येक घरात असतो आणि बहुतेक करून तो लग्नानेच घरात आलेला असतो. हुबर्टच्या घरात ते मिरेक दाजी होते. शनिवारी त्यांना कामावरून सुटी नव्हती, म्हणून शुक्रवारी ते आपला रंगाची जाडी मोजायचा मीटर देऊन गेले. साबणाच्या वडीएवढं यंत्र, पण दाजींनी ते मऊ पिशवीतून असं काढलं की आईने टेबल आधी पुसून घेतलं.

“पत्र्यावर टेकवायचं आणि आकडा बघायचा,” दाजींनी शिकवलं. “शंभर-सव्वाशे म्हणजे कारखान्यातला रंग. तीनशे म्हणजे कुणीतरी पुन्हा रंगवलीय. आठशे-हजार म्हणजे खाली पुट्टी भरलीय. तिथून रामराम ठोकून निघायचं.”

“आणि विकणारा काय सांगतो ते ऐकायचंच नाही?” हुबर्टने विचारलं.

“ऐकायचं की. करमणूक होते.”

शनिवारी सकाळी बाप-लेक मरून गाडीतून निघाले. पहिली गाडी चंदेरी होती. विकणाऱ्याने सांगितलं की जर्मनीतल्या एका वकिलाची विधवा ती फक्त रविवारी चर्चला न्यायची. लुत्सियाननी मीटर छतावर टेकवला. नऊशे वीस. “बाई चर्चला उलटी होऊन जायची वाटतं,” ते म्हणाले आणि निघाले. दुसरी काळी होती, तीही कुणा विधवेचीच. तिच्या चारही दारांचे आकडे चार प्रकारचे आले. तिथे त्यांनी नुसती टोपी घातली.

तिसरी मात्र निळी होती. ती गावातच, झेनॉनच्या गॅरेजमध्ये उभी होती. झेनॉन डेंटिंग-पेंटिंगवाला, वडिलांचा शाळेपासूनचा दोस्त. हुबर्टने ती एक फेरी चालवली आणि परत आला तेव्हा त्याचा चेहराच बदलला होता. गाडी पायाचा अंगठा हलवला तरी पळत होती, आणि शंभर किलोमीटरला साडेपाच लिटरच्या वर पेट्रोल मागत नव्हती. पळणारी आणि कमी खाणारी, दोन्ही एकाच पत्र्यात. अशी परत मिळायची नाही, हे त्याला मनोमन कळलं.

“पुढचा डावा पत्रा मीच केलाय,” झेनॉनने आपण होऊन सांगितलं. “पार्किंगमध्ये कुणीतरी घासली होती. लपवत नाही.”

लुत्सियाननी तरीही मीटर टेकवला. तीनशे दहा.

“नको,” ते म्हणाले.

“बाबा, ते सांगतायत ना खरं काय ते.”

“गाडी आपटलेली आहे, हुबर्ट. माझ्या दारात आपटलेली गाडी आजवर उभी राहिली नाही. एकोणीस वर्षं झाली, माझ्या गाडीला साधी खरचट नाही. विचार याला.”

झेनॉन चिंधीला हात पुसत होता. त्याने फाटकाशी उभ्या असलेल्या मरून गाडीकडे पाहिलं, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, आणि मग हात पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतले.

“तू म्हणतोस तर असेल बाबा,” तो म्हणाला.

दुपारी जेवण झाल्यावर लुत्सियान झोपले. हुबर्ट अंगणात येऊन बसला. सोमवार परवावर आला होता, चौघं टपलेले होते, आणि त्या निळ्या गाडीपासून त्याला वेगळं ठेवायला एक आकडा पुरेसा झाला होता. त्याला खरोखरच रडू येत होतं. पण एकोणीस वर्षांचा मुलगा अंगणात बसून रडत नाही, म्हणून तो मीटरशी चाळा करायला लागला. समोर मरून गाडी होतीच. बॉनेट, एकशे दहा. छत, एकशे पाच. उजवी दोन्ही दारं, सव्वाशेच्या आत. हे खरंच कारखान्यातून आत्ता निघालेलं पोर आहे, असं मनात म्हणत तो वळसा घालून पलीकडे गेला आणि डाव्या बाजूच्या मागच्या दाराला मीटर टेकवला.

आठशे चाळीस.

त्याने मीटर शर्टाला पुसला आणि परत टेकवला. तेवढेच.

“काय करतोयस?” आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. पिएरोगीचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, पीठ कोपरापर्यंत लागलेलं.

“मोजतोय. आई, हे दार—”

“ते दार मोजू नकोस.” ती जवळ आली आणि नवरा झोपला होता त्या खिडकीकडे बघून हळू आवाजात बोलायला लागली. “तुझे बाबा पाठीच्या इलाजाला सॅनेटोरियममध्ये होते ना, तीन आठवडे? त्याला नऊ वर्षं झाली. ऑक्टोबर संपत होता, मृतांचा सण तोंडावर आलेला. आजीच्या कबरीवर शेवंत्या न्यायच्या होत्या, आठ कुंड्या. बसमधून कशा नेणार? मी गाडी काढली. दफनभूमीचं फाटक आधी बरंच रुंद होतं रे, मग त्यांनी दुरुस्त केलं तेव्हा अरुंद केलं असावं.”

“मग?”

“मग झेनॉन. देवमाणूस आहे. चार दिवसांत होतं तसं करून दिलं आणि आजवर तोंड उघडलं नाही.” तिने पिठाच्या हाताने हुबर्टचं मनगट धरलं. “तू पण उघडायचं नाहीस. ती निळी गाडी तुला हवीय ना? मी बोलते बाबांशी.”

“आई, ती फार पळते.”

“पळू दे,” हालिना म्हणाली आणि आत गेली.

हुबर्ट तिथेच राहिला. हातात मीटर होता आणि समोर गाडीची मागची बाजू होती. नुसता हात पुढे गेला. डिकीच्या झाकणावर आकडा आला अकराशे साठ.

“ठेव ते खाली,” मागून आवाज आला. वडील झोपेतून उठून पायऱ्यांवर उभे होते, एका पायात सपाता आणि एका पायात नाही. हुबर्टने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याला खांद्याला धरून लाकडांच्या खोपटामागे नेलं.

“आईला बोललास?”

“नाही. काय झालं होतं बाबा?”

लुत्सियाननी रचलेल्यातलं एक लाकूड उगाच सरळ केलं. “कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब आठवतो? जुना?”

“वादळात पडला तो?” हुबर्टला ते वादळ चांगलं आठवत होतं. तो आठ वर्षांचा होता आणि आईने खिडकीत मेणबत्ती लावली होती.

“वादळ आलं होतं, ते खरं आहे,” वडील म्हणाले. “खांब त्याच्या आधी पडला होता. मी गाडी मागे घेत होतो. दुसऱ्या दिवशी टायर बदलायचे म्हणून झेनॉनकडे नेली. तुझ्या आईला अकरा वर्षांत कळलं नाही, आणि आता कळायचं कारण नाही.” ते घसा खाकरून म्हणाले, “त्या निळ्या गाडीचा आकडा किती होता रे? तीनशे दहा? तो काही फार नाही.”

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आईने विषय काढला. कंबर कसूनच बसली होती बिचारी.

“लुत्सियान, मला वाटतं पोराने ती निळी गाडी घ्यावी.”

“मलाही तेच वाटतं,” लुत्सियान म्हणाले.

हालिना चमचा हातात धरून बघत राहिली. भांडायची तयारी करून यावं आणि समोरच्याने दार उघडून पाट मांडावा, तसं झालं. नवरा इतक्या लवकर ऐकतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तिला वाटलं. तिला गाडीच्या वेगाची भीती कशी नाही, हे कोडं त्याला पडलं. दोघं एकमेकांकडे संशयाने बघत पिएरोगी खात राहिले आणि हुबर्टने मान ताटातून वर काढली नाही.

एवढ्यात मिरेक दाजी मीटर न्यायला आले. तीनशे दहा ऐकून ते तिथेच उभे राहिले.

“बाबा, तुम्ही आणि तीनशे दहा? आपटलेली नको म्हणायचात ना?”

“तुझा मीटरच चुकत असेल,” लुत्सियान म्हणाले. बोलून गेले ते खरं, पण पुढचं त्यांना सुचायच्या आधी दाजी दाराकडे वळले होते.

“माझा मीटर? चला, आत्ता तपासू. न आपटलेली गाडी लागते त्याला. अंगणात आहेच की.”

दाजी पुढे आणि बाकी तिघं मागे, असे सगळे अंगणात आले. दाजी बॉनेटवर मीटर टेकवेपर्यंत लुत्सियान डिकीच्या झाकणाला पाठ लावून उभे राहिले होते, आणि हालिना डाव्या बाजूच्या मागच्या दाराला.

“एकशे दहा. छत एकशे पाच. बाबा, जरा सरकता का?”

“पाठ धरलीय. उभा आहे तेच बरं आहे.”

“आई, तुम्ही?”

“इथे वारा छान लागतोय,” हालिना म्हणाली. त्या अंगणात वाऱ्याचं नाव नव्हतं.

दाजींनी दोघांभोवती फिरून उरलेली गाडी मोजली. “मीटर बरोबर आहे,” ते जरा दुखावून म्हणाले. “आणि अशी गाडी तालुक्यात दुसरी नाही. ही विकलीत तर मला सांगा बाबा, डोळे मिटून घेईन.”

“डोळे मिटूनच घे,” लुत्सियान पुटपुटले.

रविवारी चर्चहून परतताना निळी गाडी घेतली. झेनॉनने किल्ली देताना हुबर्टला बाजूला घेतलं. “मीटर घरी नेला होतास म्हणे. मोजलंस?”

“मोजलं. दोन्हीकडे.”

“चांगलं काम होतं ते,” झेनॉन म्हणाला. एवढी वर्षं कुणाला दाखवता न आलेल्या कामाची दाद त्याला पहिल्यांदाच मिळत होती.

सोमवारी पाच वाजता हुबर्ट गाडीत बसला. मन हवेत होतं. एका क्षणात शंभर गाठणारी गाडी त्याने अगदी सावकाश, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, मागे घेतली. आणि धप्प. त्याने उतरून पाहिलं. दोरीचा नवा खांब तिरका झाला होता आणि डिकीच्या झाकणात मुठीएवढा पोचा पडला होता. वर स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा हलला आणि न्हाणीघराच्या खिडकीतलाही. मग दोन्ही गप्प झाले.

सहाला पाच मिनिटं कमी असताना तो कारखान्यात पोचला. दिवसभर चीज भरताना त्याला एकच वाक्य ऐकू येत होतं, एकदा आपटलेली गाडी म्हणजे काय ते. सगळं खरं सांगून टाकायचं ठरवून तो अडीचला घरी आला. वडील खांबाच्या बुडाशी पाचर ठोकत होते आणि आईने खांब धरून ठेवला होता.

“कारखाना कसा आहे?” आईने विचारलं.

“बरा आहे. बाबा, सकाळी मी—”

“सकाळी वादळ झालं,” वडील मान वर न करता म्हणाले. “पाचच्या सुमाराला. तू निघालास तेव्हाच.”

हुबर्टने आकाशाकडे पाहिलं. गुरुवारपासून ढगाचा ठिपका नव्हता.

“केवढं वादळ ते,” हालिना म्हणाली. “या खांबाला येतंच अधूनमधून. मागच्या खेपेला तर खांब पडल्यावर चार तासांनी आलं होतं.”

लुत्सियान यांचा हातोडा हवेतच थांबला.  मग त्यांनी पाचर नीट बसवली आणि शांतपणे म्हणाले, “दफनभूमीच्या फाटकाशीही होतं म्हणे असंच. शेवंत्यांच्या दिवसांत.”

“तुला माहीत होतं?”

“दर शनिवारी ते दार मीच पुसतो, हालिना.”

ती लाल झाली, आणि मग तिला हसू आवरेना. खांब हातातून सुटला, लुत्सियाननी तो खांद्यावर झेलला, आणि तसेच उभे राहून तेही हसायला लागले. हुबर्टला काय करावं कळेना, म्हणून त्याने खांबाला हात दिला.

“झेनॉन सहापर्यंत असतो,” वडील डोळे पुसत म्हणाले. “आत्ताच जा. आणि त्याला म्हणावं, या वेळी रंग पातळ लाव. रविवारी मिरेक जेवायला येतोय.”