गफूरचाचांचा उन्हाळी इलाज

आमच्या घरी कूलरचं गवत बदलायला येणारे गफूरचाचा आधी जुनं गवत हुंगतात. जाळीतून ते ओढून काढतात, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं पांढरं पडलेलं मूठभर नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि मग यंदाच्या उन्हाळ्यात घरच्यांनी काय खायचं, काय वाचायचं, काय ऐकायचं आणि काय बघायचं ते सांगतात. कुणी विचारलेलं नसतं.

रेणापुरात कूलरवाले दुसरेही आहेत. ते गवत भरतात, मोटार फिरवून बघतात आणि जातात. चाचांना मात्र गवताच्या वासावरून घराची तब्येत कळते म्हणे. "इलाज हाय हा, हसू नका," असं आधीच बजावतात, त्यामुळे जास्तच हसू येतं.

एका साली सासूबाईंना म्हणाले, "अक्का, यंदा तुमाला मालिका बंद. बघायचंच असंल तर तळ्यात बसलेल्या म्हशी बघा. डोळ्याला गार वाटतंय."

"मी काय गुराखी हाय का, गफूरभाई?"

"मालिकेत तरी कोण हलतंय? म्हैस निदान शेपूट तरी हलवती."

खायला त्यांनी ज्वारीच्या कण्या सांगितल्या. रात्री शिजवून ठेवायच्या, सकाळी ताकात कालवून खायच्या, फोडणी द्यायची नाही. फोडणीशिवायचं जेवण सुचवणाऱ्या माणसाकडं सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. वाचायला सांगितल्या लग्नपत्रिका. "उन्हाळ्यात जाड पुस्तक वाचू नये, डोकं तापतंय. जुन्या पत्रिका काढा. समदा गाव असतोय त्यात."

पुढच्या साली आले की जाळीचे स्क्रू काढता काढता चाचा चौकशी करत.

"मग अक्का, म्हशी बघितल्या?"

"बघितल्या की. लई गार वाटलं," सासूबाई डाळ निवडता निवडता, मान वर न करता सांगत.

चाचा फक्त "हं" म्हणत. सगळी गल्लीच त्यांना असं सांगायची. नाही म्हटलं तर ते परत पहिल्यापासून समजावत, आणि समजावता समजावता चहाची वेळ होई.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. परक्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. चहाचा कप त्यांच्याजवळ ठेवायचा आणि मागं सरकायचं, एवढंच आमचं बोलणं. पण मनात यायचं, हा माणूस एवढं छातीठोक सांगतो, तर खरंच तसं असेल का? मग मी करून बघायची. शेतातून येताना वाट वाकडी करून तळ्यावर गेले. कण्या खाल्ल्या. पीठ ठेवायच्या डब्यामागं तारेत ओवलेल्या पत्रिका काढल्या आणि एकेक शब्द लावत वाचल्या. त्यात माझ्याच लग्नाची निघाली. लग्नाच्या गडबडीत मी ती वाचलीच नव्हती. खाली धाकट्या भावाच्या नावानं छापलं होतं, 'माझ्या ताईच्या लग्नाला यायचं हं.' तेव्हा तो रांगत होता.

मागच्या साली चाचांनी ऐकायला माठ सांगितला. "नवा माठ आणा. पयल्यांदा पाणी भरलं की कान लावा. बोलतोय तो."

"माठ काय बोलणार?" सासूबाई म्हणाल्या.

"ते माठालाच इचारा."

यंदा ते आले आणि पिशवी खाली ठेवायच्या आतच सासूबाईंनी सांगून टाकलं, "गफूरभाई, एवढ्या वक्ताला भरून द्या. पुढच्या साली येऊ नका. पोरगा एसी बसवून राहिलाय."

"बरं झालं," चाचा म्हणाले. तरी त्यांनी गवत हुंगलं. "अक्का, माठ ऐकला?"

"ऐकला की. लई गोड."

"काय म्हणला?"

"काय म्हणणार, पाणी प्या म्हणला."

चाचा हसले. नवं गवत भरलं, जाळी बसवली, मोटार फिरवून बघितली. इलाज मात्र काहीच सांगितला नाही. पक्कड, पान्हा पिशवीत टाकू लागले. आता हा माणूस आमच्या दारी परत येणार नव्हता, आणि सगळ्यांनी आपल्याला गंडवलं असंच समजून जाणार होता. माझ्या हातात चहा होता. तो खाली ठेवला, पण मी मागं सरकले नाही.

"चाचा," मी म्हणाले. सासूबाईंचं डाळीतलं बोट थांबलं. "माठ बारीक चुरचुरतो. कागदावरून मुंग्या चालल्यासारखा. मधीच थांबतो, परत लागतो. दुसऱ्या दिवशी नुसता बुडाशी ऐकू येतो. मग बंद."

चाचा पिशवीत हात तसाच ठेवून बसले.

"आणि म्हशी?"

"शेपूट पाण्यात असती त्यांची, चाचा. त्या कान हलवतात."

"हाव," ते हळूच म्हणाले. "कान हलवतात. बरोबर हाय." चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही. "बेटी, माठाचं मला वाटायचं, मला एकट्यालाच ऐकू येतंय. घरात कुणालाच येत न्हाई. पोरगं म्हणतंय, अब्बा, कान तपासून घ्या. म्हणून गावभर सांगत फिरतो, कुणाला तरी येत असंल."

कालच्या बाजारातून आणलेला नवा माठ कोपऱ्यात कोरडाच होता. मी तो चाचांसमोर आणून तिवईवर ठेवला, घागर आणली आणि पाणी ओतलं. चाचांनी टोपी सारखी केली आणि एका बाजूनं कान लावला. दुसऱ्या बाजूनं मी लावला.

थोड्या वेळानं डाळ निवडायचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. सासूबाई माझ्या मागं येऊन उभ्या होत्या.

"जरा सरक की तिकडं," त्या म्हणाल्या.