फ्रूट पंचाबाबतचा ठराव

हात रिकामा राहिला की माणसाला आपण समारंभाला का आलो असा प्रश्न पडतो, आणि हा प्रश्न चार जणांना पडला की समारंभ उरत नाही. म्हणून सुसंस्कृत समाजाने ग्लासाची योजना केली आहे. ग्लासात काय असावे याबद्दल मात्र एकमत नाही, आणि नाशिकमध्ये तर मुळीच नाही. इथे द्राक्ष हे फळ आहे की कच्चा माल, याचाच निकाल अजून लागायचा आहे.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या अंजनीछाया सोसायटीत (विंग दोन, सदनिका अठ्ठेचाळीस, लिफ्ट दोन, पैकी चालू एक) सव्वीस जानेवारीला स्नेहसंमेलन ठरलं, तेव्हा हाच पेच पडला. ए विंगचं म्हणणं, वाईन हे शेतमालाचं उत्पादन असल्याने ते पिणं म्हणजे जिल्ह्याला हातभार लावणं होय. बी विंगला मठ्ठा हवा होता. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष वाल्मीकराव बोरस्ते यांची मुलगी निकिता, जिला पुण्याला नोकरीला असल्यामुळे सगळं माहीत असतं, म्हणाली, "बाबा, फ्रूट पंच करा ना. दिसतं तसलं, असतं सरबत."

ए विंगला यातला पहिला भाग पटला, बी विंगला दुसरा. ठराव एकमताने मंजूर झाला. सचिव या नात्याने मी तो वहीत लिहून घेतला.

पंच कुणी करायचा हा प्रश्नच नव्हता. बी विंगच्या तळमजल्यावर रंगनाथ गायधनी राहतात. देवळाली कॅम्पातल्या एका दवाखान्यात ते एकतीस वर्षं कंपाउंडर होते आणि या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून खोकल्याचं औषध एकदाही पोटाच्या बाटलीत गेलं नाही. हा विक्रम ते स्वतः कुणाला सांगत नाहीत. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण लंकाबाई सांगतात, आणि भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगतात. त्यांच्या घराण्यात दारूचा थेंब कुणी पाहिलेला नाही. रंगनाथकाकांनी स्पिरिट पाहिलं आहे, पण ते जखमेवर.

काकांनी काम मनावर घेतलं. काळी द्राक्षं, सटाण्याकडचं डाळिंब, संत्रं, अननस आणि कलिंगड, अशी पाच फळं घेतली, कारण पंच म्हणजे पाच असा त्यांचा सरळ हिशोब होता. रस मापाच्या काचेच्या नळीतून मोजला. साखर तराजूवर तोलली. नळ बसवलेल्या चाळीस लिटरच्या पिंपात सगळं एकत्र करून शेवटी सोडा ओतला, आणि त्याहून शेवटी खिशातून एक तपकिरी बाटली काढून त्यातलं काहीतरी थेंब-थेंब मोजून सोडलं. ते आल्याचा आणि लवंगेचा अर्क होता. पण बाटली तपकिरी होती, आणि वाल्मीकराव बघत होते.

त्यांनी काकांना बाजूला घेतलं. "काका, यात काही टाकलंय का?"

"टाकलंय ना," काका म्हणाले. "सगळ्यात शेवटी."

"जास्त?"

"छे. माणशी दहा थेंब. सवय नसली की जरा घशाशी लागतं."

"लंकाबाईंना माहीत आहे?"

"तिनंच केलंय. परवापासून मुरतंय."

वाल्मीकरावांनी काकांचा हात हातात घेऊन दाबला. इतक्या वर्षांत त्यांनी बी विंगच्या कुणाचा हात असा दाबला नव्हता.

त्या दिवशी ड्राय डे होता, त्यामुळे लोकांची श्रद्धा ताजी होती. बातमी चार मिनिटांत गेटपर्यंत पोचली. (लिफ्ट बंद असल्याची सूचना पोचायला आमच्याकडे सरासरी अकरा दिवस लागतात.) सहा वाजून पाच मिनिटांनी वाटप सुरू झालं. सहा वाजून पंधरा मिनिटांनी ए विंगचे यादव खांबाला टेकले. साडेसहाला एकशे बारा उपस्थितांपैकी सत्तर जण झुलत होते, वीस जण त्यांना सावरत होते आणि उरलेले पुन्हा रांगेत उभे होते. मठ्ठ्याची मागणी करणारे रांगेत पुढे होते, हे मी केवळ नोंद म्हणून सांगतो.

सवयीने मी कार्यवृत्त लिहीत होतो. त्यानुसार सहा पस्तीसला वाल्मीकरावांच्या पत्नी शुभांगीताई खुर्चीवर चढल्या आणि आपल्या ज्या चकल्यांचं सोसायटी नऊ वर्षं कौतुक करते आहे त्या पंचवटीतल्या एका बाईंकडून येतात, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सहा चाळीसला यादवांनी वाल्मीकरावांच्या गळ्यात पडून, तुमचं गाणं सुरू झालं की मी पार्किंगमध्ये जाऊन बसतो, असं सांगितलं. वाल्मीकराव म्हणाले, "मग मला का नाही बोलवत? मलाही ऐकवत नाही." दोघं खूप हसले, मग खूप रडले, मग पुन्हा रांगेत गेले.

सहा पन्नासला वाल्मीकरावांनी माईक घेतला. "बी विंगच्या बंधू-भगिनींनो, तुमचं पाणी रोज वीस मिनिटं लवकर जातं. चार वर्षं जातं. महापालिकेला शिव्या देऊ नका. व्हॉल्व्ह मी बंद करतो."

मग बी विंगने त्यांना खांद्यावर उचललं आणि सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या. पाणी चोरणाऱ्या माणसाचा असा सत्कार मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी स्वतः काय बोललो ते कार्यवृत्तात नाही, कारण कार्यवृत्त मीच लिहितो.

रंगनाथकाका नळाशी मान खाली घालून ग्लास मोजण्यात गर्क होते; बाकी सगळ्यांत भानावर एकच व्यक्ती होती. लंकाबाई तीन ग्लास पिऊन मधोमध फुगडी घालत होत्या आणि घोटीकडच्या खणखणीत आवाजात ओरडत होत्या, "आरं यात कायबी नाय! नुसतं कलिंगड हाय!"

"बघा," यादव म्हणाले, "आजींना किती चढलीय."

दुसऱ्या दिवशी सोसायटीचं डोकं दुखत होतं. दोन ग्लास घेणाऱ्यांचं पूर्ण दुखत होतं, एक घेणाऱ्यांचं अर्धं. लिंबू-पाण्यावर दुपार गेली आणि संध्याकाळी ग्रुपवर संताप सुरू झाला. शुभांगीताईंना तीन घरांतून चकलीबाईंचा नंबर मागितला गेला होता. वाल्मीकरावांना व्हॉल्व्हची चावी मागितली गेली होती. रात्र पडायच्या आत कार्यकारिणीने रंगनाथकाकांना नोटीस काढली: सभासदांना त्यांच्या संमतीशिवाय मोकळं केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?

नोटीस घेऊन मीच गेलो. काकांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि परत वाचली.

"मी दारू पाजली?" ते म्हणाले. "मी?"

मी म्हणालो, सर्वांचं तसं मत आहे.

"एकतीस वर्षं, सचिव. लहान मुलाचा डोस मोठ्याला नाही, मोठ्याचा लहानाला नाही. आणि आता हे." त्यांनी चहासुद्धा विचारला नाही, आणि त्यांच्या घरी असं कधी होत नाही.

लंकाबाई आतून म्हणाल्या, "रंगा, तू कशाला मनाला लावून घेतो? लोकांना बोलायचं व्हतं, बोलले."

पण काकांनी मनाला लावून घेतलंच होतं. उरलेला पंच त्यांनी फ्रिजमध्ये जपून ठेवला होता. तो दोन बाटल्यांत भरून, वर तारीख-वेळेची चिठ्ठी चिकटवून, बाटल्या मांडीवर धरून ते बसने सातपूरच्या एका प्रयोगशाळेत गेले. चार दिवसांनी अहवाल आला. अल्कोहोल: आढळले नाही.

रविवारी सकाळी अकराला विशेष सभा भरली. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी उभं राहून अहवाल स्वतः वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि वर बघितलं. त्यांना वाटलं होतं टाळ्या पडतील.

"कागदाच्या मागे काही लिहिलंय का बघा," वाल्मीकराव हळूच म्हणाले.

मागे काही नव्हतं.

मग शुभांगीताईंनी, जे सगळ्यांच्या मनात होतं ते विचारलं. "म्हणजे मी ते... शुद्धीत बोलले?"

सभेवर अवकळा पसरली. अठ्ठेचाळीस सदनिकांतला प्रत्येक जण गेल्या आठवड्यातलं आपलं एकेक वाक्य आठवत होता. वाल्मीकराव काकांजवळ गेले आणि कानात बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "काका, एक चमचा होती म्हणा ना. एकच. पाया पडतो."

"नव्हती हो."

"अर्धा?"

"लिहायचं ते तुम्ही लिहा," काका म्हणाले. "माझ्या बाटलीवर खोटं लेबल लागणार नाही."

तेव्हा सभेने लोकशाही मार्ग पत्करला. पंचात अल्कोहोल होतं, असा ठराव यादवांनी मांडला. किती होतं यावर मात्र चर्चा लांबली, कारण प्रत्येकाची गरज वेगळी होती. शुभांगीताईंचं चकल्यांपुरतं पाच टक्क्यांत भागत होतं. यादवांना गाण्याबद्दलच्या मतासाठी किमान बारा हवे होते. वाल्मीकरावांनी व्हॉल्व्हचा विचार करता बेचाळीसच्या खाली येण्यास साफ नकार दिला. शेवटी ज्याचं जसं बोलणं, त्याच्या ग्लासात तसं प्रमाण, असं ठरलं. पिंप एक होतं, नळ एक होता, ही शंका एका सभासदाने काढली. पण त्याने त्या दिवशी काहीच कबूल केलेलं नसल्यामुळे त्याचे यात हितसंबंध नसल्याचं उघड झालं आणि त्याला खाली बसवलं. ठराव सत्तेचाळीस विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. माझ्या ग्लासात अठरा टक्के होतं. याहून अधिक मी सांगणार नाही.

विरोधी मत देऊन काका घरी गेले आणि आठ दिवस बाहेर आले नाहीत.

नवव्या दिवशी त्यांची बेल वाजली. दारात यादव, हातात रिकामी बाटली. "काका, तो पंच थोडा मिळेल? मुलाला सांगायचंय की त्याने इंजिनिअरिंग सोडलं तरी मी रागावणार नाही. दोन वर्षं सांगायचंय."

"त्यात काही नसतं, यादव."

"हो हो," यादवांनी डोळा मारला. "नसतंच."

काकांनी रिकामी बाटली हातात घेतली. मग आत गेले आणि कलिंगड चिरायला घेतलं.

आता त्यांच्या दारात रोज संध्याकाळी दोन-तीन माणसं असतात. सून सासूसाठी नेते, सासू सुनेसाठी. प्रत्येक बाटलीवर काका स्वच्छ अक्षरात लिहितात: 'हलवून घ्या. बोलण्याआधी एक ग्लास. यात अल्कोहोल नाही.' प्रत्येकाला तोंडानेही सांगतात. प्रत्येक जण डोळा मारतो. बी विंगला पाणी पूर्ण वेळ येतं. वाल्मीकरावांनी गाणं सोडून तबला धरला आहे, तो बरा आहे. परवा काका मला म्हणाले, दवाखान्यातही निम्म्या बाटल्यांत रंगीत पाणी असायचं, डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं, गुण मात्र यायचा. हे सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

वाचकांच्या सोयीसाठी प्रमाण देतो: काळ्या द्राक्षांचा रस दोन वाट्या, डाळिंबाचा एक, संत्र्याचा एक, अननसाचा अर्धी वाटी, कलिंगड हवं तेवढं, साखर तोलून, आल्या-लवंगेच्या अर्काचे माणशी दहा थेंब, वरून गार सोडा. चव उत्तम येते.

मात्र एक अडचण आहे. यात काही नसतं हे तुम्ही आता वाचलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला याचा काहीही उपयोग होणार नाही. तुम्हाला ज्या माणसाला जे सांगायचं आहे (वाचताना एक चेहरा डोळ्यांपुढे आला, तोच), ते तुम्हाला कोरड्या घशानेच सांगावं लागेल. क्षमस्व.