झिपरोजी अस्वलाचा खरा लोड

एका जंगलात, बाळांनो, झिपरोजी नावाचं अस्वल राहायचं. उन्हाळा आला की बिचाऱ्याला जीव नकोसा व्हायचा. तुम्ही आपले स्वेटर काढून ठेवता. त्याने काय काढायचं? झोप नाही, चैन नाही, नुसती चिडचिड. म्हणून त्याने नवं घर बांधलं. स्वप्न एकच: एसी लावायचा आणि भर वैशाखात पांघरूण घेऊन झोपायचं.

झिपरोजी पडला सरळमार्गी. बायकोला, गुंफाबाईला, समोर बसवून त्याने घरातलं सगळं मोजलं. एसी, गिझर, पाण्याची मोटर, मिक्सर. पुढेमागे पिल्लं होतील, त्यांच्या खोलीतला एसीही धरला. मग ऐटीत वीज कचेरीत गेला.

तिथे बगळेसाहेब एका पायावर उभे राहून काम करत होते. दुसरा पाय रजेवर होता.

“लोड किती?” साहेबांनी विचारलं.

झिपरोजीने सांगितला. साहेबांचा दुसरा पाय ताबडतोब कामावर रुजू झाला.

“अहो, ही काय थट्टा आहे? आपल्या जंगलात सगळे दोन दिवे नि एक पंखा सांगतात. वनराजांनीसुद्धा तेवढंच सांगितलंय.”

“पण साहेब, वनराजांच्या गुहेत तर लिफ्ट आहे!”

“ती पंख्यात धरलीय.”

हसू नका रे! साहेब गंभीर होते. सगळ्या जंगलाला एकाच डीपीतून वीज यायची. डीपी म्हणजे तो खांबांवरचा लोखंडी डबा. तोही दोन दिवे नि एका पंख्याच्या हिशेबानेच बसवलेला, चिमुकला.

“तुमचा लोड तिला झेपायचा नाही,” साहेब म्हणाले. “मोठी डीपी येईपर्यंत थांबा.”

झिपरोजी थांबला. भिंतीवर एसी, एसीखाली झिपरोजी, दोघेही गप्प. शेजारी रानडुक्कर राहायचे, डुकरे भाऊसाहेब. त्यांच्याकडे तीन-तीन एसी घुमत होते. त्यातला एक चिखल गार ठेवायला.

“खरं बोलायची भारी हौस ना!” गुंफाबाई कडाडली. “आता त्या खऱ्यानेच वारा घाला मला.”

झिपरोजीला रडूच कोसळलं.

अशात एका दुपारी धडाम्! डीपी जळाली. सगळं जंगल पिंपळाखाली जमलं. दोष कुणाचा? बगळेसाहेबांनी मान लांब केली.

“सगळ्यांचा लोड मापात आहे. जास्त आहे तो एकट्या झिपरोजींचा.”

“अहो, माझ्या घरी अजून वीजच आली नाही!”

“आली नाही, पण मागितलीत ना?” डुकरे भाऊसाहेब गुरगुरले. “तेवढ्यानेच धसका घेतला बिचारीने.”

झालं! झिपरोजीने कान धरून सगळ्यांची माफी मागितली. तसाच कचेरीत गेला आणि मान खाली घालून म्हणाला, “दोन दिवे. एक पंखा.” बगळेसाहेबांनी प्रेमाने त्याच्या पाठीवरून पंख फिरवला. नवी डीपी आली, पहिलीएवढीच. झिपरोजीलाही जोडणी मिळाली.

काय झोपला म्हणता तो! भर दुपारी, नाकापर्यंत पांघरूण ओढून. गुंफाबाई थंडीने कुडकुडत होती, पण खूश होती. एवढं सुख त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

थोड्याच दिवसांत पुन्हा धडाम्!

झिपरोजी घामाने निथळत कचेरीकडे धावला. संतापाने अंगावरचा केस न् केस उभा. कचेरीत एक साळिंदर आलेलं होतं. नवं घर बांधलं होतं त्याने. ते साहेबांना भाबडेपणाने सांगत होतं, “एक एसी, एक गिझर, एक मोटर...”

“सापडला!” झिपरोजी गरजला. “यानेच जाळली आपली डीपी!”

आणि बाळांनो, खोटं नव्हता बोलत तो. त्याला अगदी मनापासून तसंच वाटत होतं.

तात्पर्य: नव्या घराला वीज किती लागेल, याचा विचार पुढच्या पिढीपर्यंत जरूर करावा. फक्त तो तोंडातून बाहेर काढू नये. आधी शेजाऱ्याला सांगू द्यावं, मग त्याच्यापेक्षा जरासं कमी सांगावं. अंधार झालाच, तर तो सगळ्यांना सारखा मिळतो आणि त्यासाठी अर्जही करावा लागत नाही.