खालचं शिंग

आमच्या शेजारचा वसंता गिटार विकत घ्यायच्या आधी तिला चावून पाहतो.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरण्यात जन्म गेला, त्यामुळे वाढवून सांगणं मला जमत नाही. चावतो म्हणजे चावतो. त्याची गिटार साधी नाही, बेस गिटार. चार जाड तारा, हातभर लांब मान, खाली लाकडाचं धड आणि त्या धडाला वर एक, खाली एक अशी दोन शिंगं. वसंता वरचं शिंग दातांत धरतो, डोळे मिटतो आणि तार छेडतो. मग आवाज म्हणे दातातून जबड्यात आणि जबड्यातून थेट डोक्यात जातो.

"कानाचं काई खरं नाई भाऊ," तो सांगतो. "कान दुकानदाराचं ऐकते. दात कोनाचंच ऐकत नाई."

अकोल्याच्या एका दुकानात त्यानं नवीकोरी गिटार अशी तोंडात धरली, तर दुकानदार गल्ला सोडून धावत आला. "ओ काका, ऊस हाय का थो?"

"ऊस असता तं रस निंगाला असता," वसंता म्हणाला. "याच्यातून काईच नाई निंगून राह्यलं." आणि बाहेर पडला.

वसंता शाळेतून रिटायर झालेला क्लार्क. लग्न केलं नाही. लग्नांत वाजवतो मात्र तीस वर्षांपासून, कोणा ना कोणा ऑर्केस्ट्रात. अमरावतीला बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला त्याचं आणि माझं घर एका भिंतीचं, मागचं अंगण दोघांचं मिळून. त्याच्याजवळ जी बेस आहे ती परतवाड्याच्या एका सुतारानं सागवानातून घडवलेली. राशनच्या काट्यावर मोजली होती, सात किलो भरली. वाजवायच्या वस्तूचं वजन सात किलो असेल तर ती वस्तू नाही, दाराची चौकट आहे. सुतारानं बहुतेक चौकटच करायला घेतली असेल.

म्हणून वसंता पंधरा वर्षांपासून हलकी बेस शोधून राहिला आहे. दरवेळी जातो, चावतो, परत येतो. एकीची मान वाकडी. एकीचं लाकूड कच्चं. एकीचा रंग काय तर "लय हासते". मी त्याला तोंडावर म्हटलं, "इतक्या पोरी पाह्यल्या असत्या तं आज नातवंडं मांडीवर असते तुह्या."

"गिटार नाई म्हनत नाई ना भाऊ," तो म्हणाला. "म्हनून मले म्हना लागते."

अकोल्याला त्याचा एक दोस्त आहे, रफिकभाई. तोही बेसवाला. दोघं फोन लावतात आणि स्पीकरवर टाकतात, कारण दोघांचेही कान तीस वर्षं स्टेजवरच्या स्पीकरच्या डबड्यासमोर उभे राहून गेलेले. सगळ्या कॉलनीला मग फुकटात ज्ञान मिळतं. जुनी तार गोल आवाज देते की नवी, यावर मी त्यांचा एक तास गेलेला पाहिला आहे. रफिकभाई सांगतो, तार मरली की पाण्यात उकळायची, पुन्हा जिवंत होते. वसंतानं लगेच आमच्याकडून गंज, म्हणजे उभं पातेलं, मागून नेला. तासाभरानं मी डोकावलो तर गॅसवर चार तारा रटरट शिजत होत्या आणि हा बाजूला पळी घेऊन उभा.

"डाळ घातली का?" मी विचारलं.

"हासू नका भाऊ, चिकट सुटून राह्यली पाहा."

खरंच सुटली होती. तीस वर्षांतल्या लग्नांच्या जेवणाचं, बोटांना लागलेलं तूप होतं ते. तो गंज आम्ही परत घेतला नाही.

लग्नातला त्याचा वेगळाच तमाशा. सगळे वाजवणारे स्टेजवर "च्येक च्येक" करत असतात तेव्हा वसंता लांब वायर ओढत जेवणाच्या मांडवात जातो. तिथं जिलबीच्या पाकाची परात असते. तो एक तार ओढतो आणि पाकाकडे पाहतो. पाकावर बारीक लाटा आल्या की बेस बरोबर. आचारी शिव्या देतो. वसंता त्यालाच विचारतो, "आलं का?" हे त्याचं नेहमीचं. काहीही वाजवलं की समोरच्याला, मग तो नवरदेवाचा मामा का असेना, "आलं का?" पोटात आलं का, असा त्याचा अर्थ.

मशीनवर बसलेल्या साउंडवाल्याला तो दर दोन मिनिटांनी हात करतो, बेस वाढव. साउंडवाला एक बटण फिरवतो आणि अंगठा दाखवतो. त्या बटणाला मागून वायरच नाही, हे मला त्या साउंडवाल्यानंच चहा पिताना सांगितलं. "सगळ्याच बेसवाल्याइसाठी ठेवलं हाय काका. थे फिरवलं का त्याइले बरं वाटते." वसंताला मी हे सांगितलं नाही. मी फटकळ आहे, पण तेवढाही नाही.

लग्नाचा ठेकेदार तर त्याला बाकीच्यांपेक्षा कमी देतो. का, तर गिटारवाल्याला सहा तारा, याला चारच.

आता आमच्या बुढीचं, म्हणजे माझ्या बायकोचं सांगतो, कारण ती यात आहे.

बुढी जाऊन दोन वर्षं झाली. शेवटची सात-आठ वर्षं तिला ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन आणलं, ते शिट्ट्या मारे, तिनं ते लवंगांच्या डबीत ठेवून दिलं. मी आधी ओरडून बोलायचो. मग नरडं दुखायचं म्हणून हातानं खुणा. मग खुणाही कमी झाल्या. जेवणाची खूण आणि गोळीची खूण, दोनच राहिल्या. हे मी आता लिहून राहिलो, पण त्या वेळी मला त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं.

कधीकधी संध्याकाळी मी पानठेल्यावरून आलो की ती आपणहून म्हणायची, "आज जिन चालू होता." तिचं माहेर तिवस्याचं, लहानपणी घराला लागून कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. सीझन आला की जमीन घूं घूं करायची, त्यातच ती वाढली. आमच्या कॉलनीत कुठला जिन. मी समजलो, वय झालं, डोकं मागं चाललं. मी मान हलवून गोळीची खूण करायचो.

तर या उन्हाळ्यात वसंताचा खांदा बसला. हात वर जाईना. डॉक्टरनं सांगितलं, एक तर हे वजन सोडा, नाही तर वाजवणं सोडा. तीन दिवस वसंतानं गिटारीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी रफिकभाईचा फोन आला. त्याच्याजवळ एक जपानी बेस होती, हलकी फुलासारखी. तो म्हणाला, "तू मेरी ले जा, तेरी सागवानी मेरे को दे. आवाज के लिए मैं उसको बीस साल से देख रहा हूँ." पैशाचं काही नाही, अदलाबदल.

"भाऊ, तुमी चाला संग," वसंता मला म्हणाला. गिटारीच्या पोटात चुंबकाभोवती तार गुंडाळलेली असते, आमच्या मोटारीसारखीच, फक्त केसाएवढी बारीक. ती जळकी आहे का ते मी मीटर लावून पाहायचं.

सकाळच्या एसटीनं निघालो. सात किलोची चौकट माझ्या मांडीवर, कारण त्याचा खांदा. मूर्तिजापूर जाईपर्यंत वसंता खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "एक अट हाय मायी रफिकले. खालच्या शिंगाले पॉलिश नाई माराचं."

तेव्हा माझं लक्ष गेलं. बेसच्या खालच्या शिंगावर नेहमी एक फडकं बांधलेलं असायचं. मी समजत होतो लाकूड तडकलं असेल.

रफिकभाईचं घर जुन्या शहरात, पुढच्या खोलीत सगळे उघडे डबे आणि वायरी. जपानी बेस काढली. मी मीटर लावलं, तार ठणठणीत. वसंतानं वरचं शिंग दातांत धरलं, डोळे मिटले, तार ओढली. बराच वेळ तसाच. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं खोट काढली नाही.

"आली," तो म्हणाला. पण तोंड असं की कोणी गेलं आहे.

रफिकभाईनं सागवानी मांडीवर घेतली. "ये घूंघट काहे का है मियाँ?"

"राहू दे थे. अट सांगतली ना मी."

"अरे दुल्हन का मुँह तो देखने दे." आणि त्यानं फडकं सोडलं.

वरच्या शिंगावर वसंताचे दात होते, मोठे, खोल. खालच्या शिंगावर वेगळे. लहान. रफिकभाई म्हणाला, "चूहा लगा क्या?"

मी चष्मा पुसला आणि वाकलो. एक पूर्ण दात, त्याच्या बाजूला अर्धा. पुन्हा एक पूर्ण, बाजूला अर्धा. पुष्कळ वेळा.

आमच्या बुढीचा समोरचा दात अर्धा होता. अडकित्ता सापडेना म्हणून तिनं सुपारी दातानं फोडायला घेतली आणि दातच फुटला. मी चार दिवस हसत होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड उघडून दाखव म्हणायचो.

"वसंता," मी म्हटलं, "हा दात माह्या घरचा हाय."

वसंता खाली पाहत होता. रफिकभाईनं पंखा बंद केला, कारण वसंता हळू बोलून राहिला होता.

"वहिनी अंगनात वड्या वाळू घालत होत्या. मी गिटार चावून सुरात लावत होतो. त्याइनं इचारलं, काहून चावून राह्यले भाऊजी. आता त्याइले सांगू कसा, ऐकू तं येत नाई. म्हनून गिटारच पुढं केली. पन वरचं शिंग मायं उष्टं. त्याइले कसं देऊ. मंग खालचं देल्लं. तार ओढली." त्यानं हवेत बोट ओढून दाखवलं. "वहिनी तशाच उभ्या राह्यल्या. हातातली वडी पडली. मंग म्हने, जिन चालू झाला."

वसंतानं जपानी बेस भिंतीला टेकवली.

"मंग तुमी पानठेल्यावर गेले का त्या याच्या. अर्धा घंटा. मी वाजवो, आलं का म्हनून हात करो, त्या मान हालवत. बस, येवढंच."

"मले काहून नाई सांगतलं?"

"त्याच म्हनल्या. यायले सांगू नका, हे हासतीन."

मी हसलो असतो. खोटं कशाला सांगू.

रफिकभाईनं फडकं उचललं आणि जसं होतं तसं बांधायला लागला. त्याची गाठ बसेना. वसंता म्हणाला, "रफिक, नेजो तू. इलाज नाई. हे ठिवलं तं माह्याकून वाजवनं होत नाई."

"वजनाचं मी पाहतो," मी म्हटलं.

"भाऊ, सात किलो हाय थे."

"मी पाच-पाच हॉर्सपॉवरच्या मोटारा लोखंडावर बसवल्या. हे लाकूड काय सांगतं मले. उचल." मग रफिकभाईला म्हटलं, "बाप्पा, तुह्या जपानीत खोट नाई. पन हे नाई देत आमी."

"ले जाओ चाचा," तो म्हणाला. "ये मेरे से बजता भी नहीं अब." दारापर्यंत आला आणि वसंताला म्हणाला, "तार उबालना मत भूल."

आठ दिवस मी अंगणात वेल्डिंग केलं. तीन पायांची तिवई, वर लाकडाला धरायला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेला चिमटा, उंची कमीजास्त करायला पंपाचाच बोल्ट. गिटार त्यात बसवायची, उभं राहून वाजवायचं, खांद्यावर गुंजभर भार नाही. वसंतानं तिवईभोवती दोन चकरा मारल्या, मग वाकून लोखंडाला चावला. पास म्हणाला. आता लग्नात लोक विचारतात, स्टेजवर पंप कशाला बसवला. साउंडवाला अजूनही तेच बटण फिरवतो.

पहिल्यांदा अंगणात लावून पाहिली तेव्हा चारचा सुमार होता, तिच्या वड्यांची जागा होती तिथंच. वसंतानं चार-दोन तारा ओढल्या. मग थांबला, फडकं सोडलं, बोल्ट सैल करून खालचं शिंग माझ्या खुर्चीच्या उंचीला आणलं.

मला दात नाहीत. कवळी काढून पुसली, खिशात ठेवली. तिच्या अर्ध्या दाताच्या खुणेवर हिरडी टेकवली. उष्ट्याचा प्रश्न नव्हता.

त्यानं सगळ्यात जाड तार ओढली आणि सोडून दिली. ऐकू आलं असं नाही म्हणता येणार. डोक्याच्या आत, मागं, कुठंतरी लांब एक मोठं चाक फिरायला लागलं आणि जमीन घूं घूं करायला लागली.

वसंतानं हात केला. आलं का?

मी शिंगावरून तोंड काढलं नाही, तसंच बोबडं म्हटलं, "जिन चालू हाय. बंद नको करू."