धुतलेली वाळू

कुवेतमध्ये राहून वाळू धुणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या खैतान भागातल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एका खोलीत राहणारे पावसकर. नोव्हेंबर संपत आला की हे गृहस्थ वाळवंटातून दोन गोणी वाळू आणायचे, बाथरूममध्ये सात पाण्यांनी धुवायचे आणि जुन्या चादरीवर वाळत घालायचे. का? तर, "खारट असते हो. कंदांच्या अंगाला लागते."

कंद म्हणजे अळूचे. बावीस वर्षांपूर्वी रत्नागिरीहून मोज्यांत लपवून आणलेले, आणि त्यांची पिलावळ. पानं पिवळी पडली की पावसकर कंद उपटायचे, दाढीच्या ब्रशने माती झाडायचे आणि मासळीबाजारातून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत वाळूखाली निजवायचे. मग वसंतापर्यंत हीटर बंद. ऊब जास्त झाली तर कंद अवेळी जागा होतो, आणि गारठा लागला तर सडतो म्हणे. आपण आत जावं तर हे माकडटोपी घालून कुडकुडतायत आणि खोक्यांवर दुलई!

"पावसकर, अळू खालच्या बकाल्यात मिळतं," मी एकदा म्हटलं. त्या किराणा दुकानातल्या बांगलादेशी पोऱ्यालाही ते ठाऊक होतं.

"मिळतं की. पण त्याची माझी ओळख नाही."

अळूशी ओळख! चांगला शिकलेला ड्राफ्ट्समन, पण लहानपणी डोक्यावर पडला असावा अशी माझी खात्री झाली. गणपतीत ते सगळ्यांना पानं वाटायचे. तीही मी उपकार केल्यासारखी घ्यायचो.

मागच्या जानेवारीत माझी सत्तरीची आई पुण्याहून आली. तिला दमा. नेमकं आमच्या फ्लॅटचं वायरिंग जळालं. मालकाचा माणूस "बुकरा, बुकरा" करत उद्यावर ढकलत राहिला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, त्यात पाऊस. आईला धाप लागली. कळताच पावसकर खाली आले.

"आईंना वर घेऊन या. हीटर आहे माझ्याकडे, नवा कोरा."

"आणि तुमची मंडळी?" मी खवचटपणे विचारलं.

"बाल्कनीत ठेवतो. हवा लागलेली बरी असते त्यांना."

मला ते पटलंही. त्यांच्या शास्त्राची मी कधी फिकीर केली होती? पाच दिवस आई त्यांच्या खोलीत उबेत राहिली. दुलईसुद्धा तिच्याच अंगावर. हे आमच्या गारढोण हॉलमध्ये सोफ्यावर. सकाळी वर जायचे आणि आईच्या हातचा चहा प्यायचे.

"अरे, पहिल्या दिवशी नुसता कप धरून बसून राहिला," आई म्हणाली. "म्हणाला, या खोलीत मला कोणी चहा दिलेलाच नाही. विक्षिप्त असेल, पण फार एकटा आहे रे."

मी हसलो.

फेब्रुवारीत इमारतीचा रखवालदार नाक धरून तक्रार घेऊन आला. "ऊपरवाला बाबा तीन कार्टन फेंका. अंदर सब सड़ा हुआ, काला काला." मी लगेच वर जायला हवं होतं. गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? ज्या माणसाला मी इतकी वर्षं वेडा म्हणत आलो, त्याने बावीस वर्षं जपलेलं माझ्या आईसाठी पावसात ठेवलं होतं, आणि मला ते समजलंही नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

एप्रिलमध्ये पावसकर आमच्याकडे बसले असताना आईचा फोन आला. मी तो स्पीकरवर ठेवला.

"त्यांच्या अळूला पानं आली का रे? माझ्यामुळे बिचारी खोकी बाहेर राहिली. मला सारखी चुटपुट लागून राहिलीय."

पावसकरांनी हात पुढे करून फोन घेतला.

"हो तर, आई! हातभर पानं आलीत. बाल्कनीत मावत नाहीत. पुढच्या वेळी याल तेव्हा वड्या करू."

फोन माझ्याकडे परत देताना ते हळूच म्हणाले, "दम्याचं माणूस. उगाच जिवाला लावून घेतील."