कांगारूच्या पंजाचा पाहुणचार

"या दिवाळीला आपल्या खिडकीत ऑस्ट्रेलिया फुलणार! लिहून ठेव!" होळीच्या दुसऱ्या दिवशी विद्याधरांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

शुभाताईंनी लिहून ठेवलं नाही. नवऱ्याच्या सगळ्या घोषणा लिहून ठेवायच्या, तर बोरीवलीत वह्यांचं दुकानच काढावं लागलं असतं.

विद्याधरांना विमा कंपनीतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. नोकरीत असताना स्वप्नं बघायला फक्त जेवणाची सुट्टी मिळायची, आता अख्खा दिवस मोकळा! सध्याच्या स्वप्नाचं मूळ मात्र लेकीच्या एका वाक्यात होतं. शर्मिष्ठा पर्थला असते. मागच्या खेपेला आली, आठ दिवस राहिली आणि नवव्या दिवशी बॅग भरताना सहज म्हणाली, "चला, आता घरी जायला हवं." घरी! म्हणजे पर्थला! विद्याधरांनी हसत हसत तिच्या बॅगेची चेन लावून दिली. पण ते वाक्य घशात काट्यासारखं अडकलं ते अडकलंच.

म्हणून हा बेत. तिच्या तिकडच्या घरासमोर जे झाड तिनं फोनवर दाखवलं होतं, तेच इकडे फुलवायचं, म्हणजे लेकीला हेही घर वाटेल. झाडाचं नाव कांगारू पॉ. गवतासारखी लांब पाती, मधून उंच दांडा आणि टोकाला कांगारूच्या पुढच्या पंजासारखी मखमली, लाल-हिरवी फुलं. नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका नर्सरीत त्यांनी रोप शोधून काढलं. "सगळ्या बोरीवलीत एकच पीस आहे, काका," नर्सरीवाला म्हणाला. काकांनी ते रिक्षातून तान्ह्या बाळासारखं मांडीवर बसवून आणलं.

खिडकीच्या ग्रिलमध्ये जागा एकाच कुंडीची आणि तिथे जुनी अबोली.

"अहो, शर्मूच्या वेण्यांतली अबोली आहे ती! काढू नका!"

"अबोली काय गं, कुठेही येते!" म्हणत विद्याधरांनी ती उपटली. त्याच कुंडीत, त्याच मातीत वाळू कालवून पाहुण्याला बसवलं.

मग अभ्यास सुरू झाला. या झाडाचं पोट नाजूक. रेताड, अर्धपोटी जमिनीत वाढणारं ते, फॉस्फरस त्याला सोसत नाही. खत जास्त झालं तर पात्यांची टोकं काळी पडतात आणि झाड हळूहळू राम म्हणतं. तेव्हा तीन महिन्यांतून एकदा, अर्धा चमचा बेताचं खत, बस्स! विद्याधरांनी कुंडीत पाटीच खोचली: 'कृपया खत घालू नये. हुकुमावरून.'

इथेच सगळं चुकलं! अहो, पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून तूप वाढणारी माणसं आपण. "एवढा एकच" म्हणत चौथा लाडू टाकणारी. त्यांच्यासमोर परदेशचा पाहुणा बसवायचा आणि वर लिहायचं, याला वाढू नका!

विद्याधरांना याची काही कल्पना नव्हती. ते स्वप्नात होते. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचे. समोरच्या डोंगरावरचं धुकं हळूहळू विरायचं आणि त्या धुक्यातून त्यांना लाल मखमली पंजे दिसू लागायचे. एक, दोन, दहा! शर्मिष्ठा दारात उभी आहे, पंजे अलगद हलतायत, ये गं, ये गं, म्हणतायत, आणि ती बॅग खाली ठेवून म्हणतेय, "बाबा, मी आता जातच नाही." चहा गार व्हायचा. मग ते भानावर येऊन कुंडीत उगवलेले बारीक कोंब उपटून टाकायचे. तण मेलं! पाहुण्याच्या अर्ध्या चमच्यात वाटेकरी!

पण मे महिन्यात स्वप्नात काहीतरी बिघडलं. ऑस्ट्रेलियाला बांगड्याचा वास यायला लागला! कुंडीखाली मुंग्यांची रांग लागली. ग्रिलवर दोन कावळे बसू लागले, खाली सोसायटीची मांजर मान वर करून ध्यानस्थ! आणि पात्यांची टोकं काळी पडायला लागली.

"बिचारं खंगत चाललंय हो," शुभाताई म्हणाल्या.

"शास्त्राप्रमाणे चाललंय सगळं," विद्याधर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

आणि मग ती दुपार आली. विद्याधर आरामखुर्चीत पेंगत होते. वारा पडला होता, पडदा संथ हलत होता. अर्धवट मिटल्या डोळ्यांना कुंडीवर काहीतरी हललेलं दिसलं. लालहिरवं! पाच बोटांचं! पाती बाजूला सारत, हळूच, पुढे येणारं!

"पंजा! शुभा, पंजा आला गं!" विद्याधर झेपावले आणि त्यांनी तो पंजा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो उबदार होता. त्यात हिरव्या-लाल बांगड्या होत्या.

"अगे आये गे!" पलीकडून किंकाळी आली.

तो हात शेजारच्या सुगंधाताईंचा होता. दोघांच्या ग्रिलमध्ये अंतर हातभरच. सुगंधाताई मूळच्या मालवणच्या, त्यांच्या दुसऱ्या हातात मासे धुतलेल्या पाण्याचं पातेलं होतं. होतं म्हणजे, त्या किंकाळीपर्यंत. मग ते सुटलं आणि पहिल्या मजल्यावरून थेट खाली, नुकत्याच गेटातून शिरलेल्या त्यांच्याच यजमानांच्या, चंद्रप्रकाशांच्या, डोक्यावर! चंद्रप्रकाशांच्या हातातली पिशवी उडाली, फाटली आणि पांढऱ्या भुकटीचा ढग उठला. मांजरीनं ध्यान सोडून थेट त्यांच्या खांद्यावर उडी घेतली.

पाच मिनिटांनी सगळे विद्याधरांच्या घरात जमले. चंद्रप्रकाश दारातच उभे राहिले, त्यांना आत कोणी बोलावलं नाही.

"सुगंधाताई, पाटी वाचलीत ना तुम्ही?" विद्याधरांनी विचारलं.

"वाचलंय म्हणान तर घातलंय!" सुगंधाताई कडाडल्या. "इतक्या लांबसून इलेला झाड, तेका उपाशी कित्याक ठेवलास? आमच्या गावाक माडाक ह्याच घालतत!"

"आणि चंद्रप्रकाश, ती भुकटी?"

"हाडांचा चुरा," चंद्रप्रकाश खाली बघत म्हणाले. "देवनारच्या कत्तलखान्यात एक दोस्त आहे. तुम्हाला सरप्राईज द्यायचं होतं यार! तिसरी पिशवी होती ही."

विद्याधर बायकोकडे वळले. "शुभा, बघितलंस? आपल्या पाठीमागे!"

शुभाताई पदराशी चाळा करत होत्या. "अभिषेकाचं दूध फक्त," त्या पुटपुटल्या. "सोमवारी. आणि तांदळाचं धुवण रोज. आणि चहाचा चोथा... अहो, उपाशी झाडासमोर बसून जेवण जाईना मला!"

दमदार ओरडायची हीच वेळ होती. पण विद्याधरांनी खुर्चीखालून हळूच एक डबा काढला. अर्ध्या चमच्याच्या खताचा. डबा रिकामा होता!

"टोकं काळी झाली ना," ते म्हणाले, "मला वाटलं, भुकेनं झाली."

पाहुणा आषाढात गेला. पाती काढताना विद्याधरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना रडू झाडाचं येत नव्हतं. दिवाळीला लेक येणार, आठ दिवस राहणार आणि "घरी" जाणार, याचं येत होतं. पाटी काढायचंही त्यांना सुचलं नाही. खिडकीचा पडदा ओढलेलाच राहिला, कुंडीकडे पुढे कोणी फिरकलंच नाही. तण उपटायलासुद्धा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी शर्मिष्ठा आली. बॅग दारातच टाकून खिडकीशी धावली आणि पडदा सारला.

"आई! आपली अबोली! केवढी फुललीय!"

विद्याधर चष्मा पुसून बघत राहिले. कुंडी केशरी फुलांनी ओसंडून वाहत होती आणि मधोमध 'कृपया खत घालू नये' दिमाखात उभं होतं. जुन्या मातीतलं बी! तीन महिने रोज सकाळी ज्याला तण समजून उपटलं, ते हे!

त्यांनी लेकीला सगळं खरं सांगून टाकलं. बेत, पंजा, पाहुणा, सगळं.

शर्मिष्ठा हसत सुटली. "बाबा, ते झाड तिकडे रस्त्याच्या दुभाजकावरसुद्धा येतं! कोणी ढुंकून बघत नाही. मला तिकडे हवी होती ती अबोली. एका तमिळ मैत्रिणीकडून रोप मिळवलं होतं मी. केवढं जपलं! रोज खत घातलं. दूध घातलं. तांदळाचं पाणी, केळ्याची सालं..."

"मग?" विद्याधर, शुभाताई आणि पलीकडच्या ग्रिलमधून सुगंधाताई, तिघांनी एकदमच विचारलं.

"मेली," शर्मिष्ठा म्हणाली.

विद्याधरांच्या घशातला काटा त्या क्षणी निघाला. पोरगी घर कुठल्याही गावाला म्हणो, आहे आपलीच! रात्री जेवताना त्यांनी समाधानानं तिच्या पानात चौथा लाडू वाढला, आणि तिनं आडवा धरलेला हात त्यांना दिसलाच नाही.