बद्रीनाथ काय बोलला?

"लिहून घ्या," प्राध्यापक त्रिंबकराव म्हणाले. "प्रत्येक नागरिकास आपले विचार निर्भयपणे मांडण्याचा हक्क आहे. पूर्णविराम. आणि मधे कुणी बोलू नका."

साल एकोणीसशे अडुसष्ट. औरंगाबादच्या एका कॉलेजात त्रिंबकराव बी.ए.ला राज्यशास्त्र शिकवत, म्हणजे एका जुन्या वहीतून सांगत आणि मुलं उतरून घेत. त्या दिवशी त्यांना काय स्फुरलं कोण जाणे, वही मिटून ते म्हणाले, "हक्क नुसता लिहू नका, वापरा! या वर्गात कुणीही कशावरही टीका करावी. माझ्यावरसुद्धा."

मुलांनी तेही वहीत उतरून घेतलं. मग वैजापूरकडचा बद्रीनाथ उठला. त्याच्या घरातून कॉलेजपर्यंत आलेला तो पहिलाच.

"सर, राग नाय ना येणार?"

"मुळीच नाही."

"तुमच्या वहीत आपलं औरंगाबाद आजून हैदराबाद राज्यातच हाय. तिथून निघून बारा वर्षं झाली, सर. परीक्षेत कोणतं राज्य लिहायचं?"

वर्ग असा हसला की व्हरांड्यातून चाललेले प्राचार्य नानासाहेब थेट आत आले.

"काय चाललंय?"

"अभिव्यक्तिस्वातंत्र्य, सर," त्रिंबकराव म्हणाले.

"कुणाविरुद्ध?"

त्रिंबकरावांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा नानासाहेबांकडे पाहिलं आणि वही काखेत लपवली. या गप्प बसण्याचा जो अर्थ कुठल्याही प्राचार्यानं काढला असता, तोच नानासाहेबांनी काढला.

दुपारी बन्सी शिपाई बद्रीनाथच्या नावाची नोटीस घेऊन आला. प्राचार्यांविषयी काढलेल्या उद्गारांबद्दल चोवीस तासांत लेखी माफी मागावी, अन्यथा नाव काढून टाकण्यात येईल. बद्रीनाथ धावत त्रिंबकरावांकडे गेला.

"सर, मी तर तुम्हाला बोललो व्हतो. सांगा की त्यांना!"

"सांगतो. पण जरा अडचण आहे. तू मात्र कुणाला काही सांगू नकोस."

"नाय सांगत. पण माफी बी नाय मागनार. जे बोललोच नाय त्याची कशी मागू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकावर संप. वर्गात तर तो प्राचार्यांविषयी काहीच बोलला नव्हता, म्हणजे आणखी कुठंतरी बोलला असणार; आणि बद्रीनाथ तोंड उघडेना, म्हणून प्रत्येकानं आपापल्या परीनं तो काय बोलला असेल ते ठरवलं. घोषणा मात्र एकच होती, "बद्रीनाथला बोलू द्या!"

नानासाहेबांनी बन्सीला बातमी काढायला पाठवलं.

"सायेब, ल्हायब्रीला सदा कुलूप असतं, असं बोलला म्हनं."

"ते खरंच आहे. आणखी?"

"होस्टेलच्या वरनात डाळ घावत नाय म्हनं."

"ते मलाही माहीत आहे. माझ्याबद्दल काय बोलला?"

"तुमी वर्गाभाईर उभं राहून ऐकता म्हनं."

नानासाहेब लालबुंद झाले. "बोलव त्या बद्रीनाथला आणि त्रिंबकरावांना!"

बद्रीनाथ खाली मान घालून उभा राहिला. नानासाहेबांनी रजिस्टर उघडून त्याच्या नावावर पेन टेकवलं, तेव्हा मात्र त्रिंबकरावांना राहवलं नाही.

"थांबा सर! त्याचा काही दोष नाही. तो या वहीला बोलला." त्यांनी काखेतली वही टेबलावर ठेवली. "हिच्यात औरंगाबाद अजून हैदराबाद राज्यात आहे, एवढंच म्हणाला."

"मग चुकीचं काय बोलला? ज्यानं कुणी ही लिहिली तो..." नानासाहेबांनी वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "त्रिंबक, हे अक्षर माझं आहे."

"होय सर. मी तुमचा विद्यार्थी होतो तेव्हा तुम्हीच दिली होती. एक शब्द बदलू नकोस म्हणाला होतात."

"बारा वर्षं तू तेच शिकवतो आहेस?"

"एक शब्दही बदलला नाही, सर."

नानासाहेबांनी टेबलावरची नोटिशीची प्रत फाडून टोपलीत टाकली.

"बद्रीनाथ, हैदराबादचं कळलं. आणखी काही चुकलंय का यात?"

"बोलू?"

"बोल. पण बन्सी, आधी दार लावून घे."

दार लागलेलं पाहून बाहेरची मुलं बिथरली. आत बद्रीनाथचं तोंड दाबून ठेवलंय अशी त्यांची खात्रीच झाली. "बद्रीनाथला बोलू द्या! बद्रीनाथला बोलू द्या!" खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या.

आत बद्रीनाथ अकराव्या चुकीवर आला होता. नानासाहेब दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते.

"बन्सी," ते कळवळून म्हणाले, "बाहेर जाऊन सांग रे त्यांना, हा थांबतच नाहीये!"